मेंदूचा एमआरआय: आधी उजेड सारखा करा, मग मोजपट्टी लावा

सीटी स्कॅनमध्ये पाण्याचा आकडा ० आणि हवेचा −१०००, मग यंत्र कोणतंही असो. एमआरआयच्या आकड्याला असा पक्का पाया नाही. टी-१ (एमआरआयचा एक नेहमीचा प्रकार) चित्रातल्या एखाद्या व्हॉक्सेलवर, म्हणजे चित्राच्या एका छोट्या घनावर, ६४० दिसलं, तर ते ६४० कशाचे या प्रश्नाला उत्तरच नसतं. सिग्नल पकडणारी कॉइल डोक्यापासून किती लांब होती, रिसीव्हरने सिग्नल किती वाढवला (गेन), रिकन्स्ट्रक्शनच्या शेवटी सॉफ्टवेअरने कशाने गुणलं, हे सगळं त्या आकड्यात मुरलेलं असतं. त्याच माणसाला त्याच यंत्रात तासाभराने पुन्हा झोपवलं तरी आकडा बदलू शकतो.

यात दोन निराळे दोष असतात. पहिला एकाच चित्राच्या आतला: एकच ऊती पुढे उजळ आणि मागे काळपट दिसते. दुसरा दोन चित्रांमधला: एका स्कॅनचं व्हाइट मॅटर (मेंदूतली आतली पांढरी ऊती) ५०० वर, दुसऱ्याचं १८०० वर. पहिल्यावर उपाय बायस फील्डची (चित्रभर पसरलेल्या असमान उजेडाची) दुरुस्ती, दुसऱ्यावर तीव्रतेचं नॉर्मलायझेशन. बोलताना दोन्हींना सर्रास ‘नॉर्मलाइज केलं’ म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. झेड-स्कोअर (सरासरी वजा करून विचलनाने भागलेला आकडा) काढल्याने पुढचा-मागचा फरक जात नाही, आणि एन-४ (बायस दुरुस्तीची पद्धत) चालवल्याने दोन स्कॅन एका पट्टीवर येत नाहीत. दोन्ही करावं लागतं, आणि याच क्रमाने.

पहिला दोष नेमका काय आहे

डोक्याभोवतीची कॉइल अनेक छोट्या भागांची असते. प्रत्येक भाग आपल्या जवळचं जोरात ऐकतो, लांबचं हळू. म्हणून कवटीलगतचा भाग उजळतो आणि खोलवरचा मंदावतो. हा परिणाम गुणाकाराचा असतो आणि चित्रभर हळूहळू बदलतो. म्हणजे मिळालेलं चित्र = खरं चित्र × फील्ड, वर थोडा नॉइज.

आकड्यांत बघू. समजा कपाळाजवळच्या व्हाइट मॅटरचा आकडा ६४०, तिथल्याच कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा, म्हणजे ग्रे मॅटरचा) ४८० आणि लहान मेंदूतल्या व्हाइट मॅटरचा ४३० आहे. म्हणजे पुढचं ग्रे मॅटर मागच्या व्हाइट मॅटरपेक्षा उजळ. ४५० वर थ्रेशोल्ड ठेवला तर पुढचं कॉर्टेक्स व्हाइटमध्ये जाईल आणि लहान मेंदूचं व्हाइट ग्रेमध्ये. आता फील्ड पुढे १.२२ आणि मागे ०.८२ आहे असं कळलं, तर भागाकार करा: ६४० चे ५२५, ४३० चे ५२४, ४८० चे ३९३. दोन्हीकडचं व्हाइट मॅटर एका पातळीवर आलं आणि कॉर्टेक्स आपल्या जागी खाली गेलं. दुरुस्ती म्हणजे एवढंच. अवघड आहे ते फील्ड ओळखणं, कारण ते वेगळं मोजलेलं नसतं. चित्रातूनच त्याचा अंदाज बांधायचा असतो.

फील्डचं दुसरं कारण ट्रान्समिटच्या, म्हणजे रेडिओलहरी पाठवण्याच्या, बाजूचं आहे. १.५ टेस्लावर रेडिओलहरींची वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते, ३ टेस्लावर १२८ आणि ७ टेस्लावर २९८. वारंवारता वाढली की ऊतीतली तरंगलांबी आखडते. ७ टेस्लावर ती डोक्याच्या रुंदीपेक्षाही कमी होते, त्यामुळे मध्यभाग उजळतो आणि टेम्पोरल लोबचा (कानाजवळच्या भागाचा) खालचा भाग अंधारात जातो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा: ट्रान्समिट असमान झालं की फ्लिप अँगलच (रेडिओलहरीने चुंबकत्व किती कलतं तो कोन) जागोजागी बदलतो, आणि त्याबरोबर ग्रे-व्हाइटमधला कॉन्ट्रास्टही. भागाकाराने उजळपणा सारखा होईल, पण गेलेला कॉन्ट्रास्ट परत येणार नाही. ७ टेस्लाच्या चित्रात टेम्पोरल लोब सुधारत नाही म्हणून एन-४ चे आकडे पिळत बसू नका. तो त्याच्या आवाक्यातला दोषच नाही.

चालवण्याआधी फाइल बघा

डायकॉमच्या, म्हणजे यंत्रातून येणाऱ्या फाइलच्या, हेडरमध्ये ‘इमेज टाइप’ नावाचा टॅग असतो. सीमेन्सच्या स्कॅनमध्ये तिथे ‘नॉर्म’ हा शब्द दिसला, तर यंत्राने स्वतःच एकदा दुरुस्ती केलेली आहे. प्रीस्कॅन नॉर्मलाइज ही त्याची नेहमीची वाट. फिलिप्सकडे याच कामाला क्लिअर म्हणतात, जीईकडे प्युअर किंवा स्किक. अशी दुरुस्ती असली तरी एन-४ चालवायला हरकत नाही, राहिलेला हलका उतार तो काढतो. पण अर्धे स्कॅन ‘नॉर्म’वाले आणि अर्धे बिनदुरुस्तीचे, अशी सरमिसळ अभ्यासात ठेवू नका. यंत्राने दोन्ही प्रती दिल्या असतील तर सगळ्यांची एकच जात निवडा. हा फरक पुढे कुठल्याही पायरीत पूर्ण पुसला जात नाही.

निफ्टी फाइलमध्ये (संशोधनात वापरला जाणारा चित्राचा प्रकार) स्लोप आणि इंटरसेप्ट अशा दोन नोंदी असतात. डिस्कवरचा पूर्णांक त्यांनी गुणून-मिळवून खरी किंमत निघते. काही लायब्ररी हे आपोआप करतात. कच्चा डेटा थेट वाचणारा कोड करत नाही. फिलिप्सच्या डेटात हे फार भोवतं, कारण तिथे स्लोप स्कॅनगणिक बदलतो. वाचल्यावर लगेच ३२-बिट फ्लोटमध्ये आणा आणि शेवटपर्यंत तिथेच राहू द्या. झेड-स्कोअर काढून फाइल १६-बिट पूर्णांकात साठवली, तर अख्ख्या मेंदूचे −२, −१, ०, १, २ एवढेच आकडे उरतात. चित्र उघडलं की पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं, पण ते कुणी उघडलंच नाही तर मॉडेल महिनाभर त्यावर शिकत राहतं.

शून्याखालच्या किमतीही तपासा. स्प्लाइन किंवा लँक्झॉस इंटरपोलेशनने रीसॅम्पल केलं, म्हणजे चित्र नव्या जाळीवर बसवलं, की कवटीच्या कडेला आकडे शून्याच्या खाली घसरतात. एन-४ लॉगरिदमवर काम करतो आणि ऋण संख्येला लॉग नसतो. म्हणून बायस दुरुस्ती मूळ ग्रिडवरच उरकावी, रजिस्ट्रेशन (चित्रं एकमेकांवर जुळवणं) आणि रीसॅम्पलिंग नंतर. नॉइज कमी करायचा असेल तर मात्र तो एन-४ च्या आधी, कारण भागाकारानंतर काळपट भागातला नॉइज फुगतो आणि नॉइज सगळीकडे सारखा आहे हे डीनॉइजिंगचं गृहीतक मोडतं.

मास्क

एन-३ ही पद्धत १९९८ साली माँट्रियलच्या गटाने मांडली आणि २०१० मध्ये तिची सुधारित आवृत्ती एन-४ आली. कल्पना साधी आहे: फील्डमुळे हिस्टोग्राम (कोणता आकडा किती व्हॉक्सेलना आहे त्याचा आलेख) पसरट होतो, तो परत टोकदार करणारं सगळ्यात गुळगुळीत फील्ड शोधायचं. आता या हिस्टोग्राममध्ये हवा, चरबी आणि डोळे शिरले तर टोकदार करायचं काय? हवेत नुसता नॉइज आहे. कातडीखालची चरबी टी-१ मध्ये आधीच पांढरीफटक, त्यात कॉइलला चिकटून. ती आत राहिली तर फील्ड तिच्यामागे धावतं.

म्हणून मेंदूचा मास्क, म्हणजे कोणते व्हॉक्सेल मेंदूचे ते सांगणारा नकाशा, द्या. त्याची कड मिलिमीटरपर्यंत अचूक असण्याची गरज नाही. मेंदू वेगळा काढणारी सिंथस्ट्रिप, एचडी-बेट किंवा एफएसएलचं बेट, यांपैकी कोणतीही आज्ञावली चालेल. बेट जोरदार बायस असलेल्या चित्रावर कधी कधी लहान मेंदू कापून टाकतं. तसं झालं तर ढोबळ मास्कने एकदा एन-४, त्या चित्रावर नवा मास्क, आणि मग त्या मास्कने मूळ चित्रावर पुन्हा एन-४. ‘मूळ चित्रावर’ हे महत्त्वाचं: दुरुस्त केलेलं चित्र पुन्हा पुन्हा दुरुस्त करायचं नाही. नुसता ऑट्सू थ्रेशोल्ड (हिस्टोग्रामवरून आपोआप ठरणारी सीमा) झटपट बघण्यापुरता ठीक आहे, पण त्यात टाळू आणि चरबी येतेच.

एन-४ चे आकडे

अँट्स या सॉफ्टवेअरमधली जी मांडणी सर्वसाधारण टी-१ ला पुरते ती अशी: श्रिंक फॅक्टर ४, चार पातळ्या आणि प्रत्येकी ५० फेऱ्या, कन्व्हर्जन्सची मर्यादा दहाचा उणे सातवा घात किंवा शून्य, स्प्लाइनचं अंतर २०० मिलिमीटर. हिस्टोग्राम टोकदार करण्याचे तीन आकडे ०.१५, ०.०१ आणि २०० आहेत. त्यांना हात लावण्याची वेळ सहसा येत नाही. दोन आकडे मात्र समजून घेऊन निवडायचे असतात.

एक, स्प्लाइनचं अंतर. हे जितकं मोठं तितकं फील्ड सपाट. २०० वर सुरू करा. ३ टेस्ला आणि ३२ चॅनेलच्या कॉइलवर उतार उरला तर १५०, फार तर १०० वर या. ४०-५० मिलिमीटरवर उतरलात की फील्डला बेसल गँग्लिया आणि थॅलॅमसएवढ्या आकाराचे चढउतार पकडता येतात, आणि मग ते ‘बायस’ म्हणून पुसले जातात. मोठा ट्यूमर किंवा सूज असलेल्या फ्लेअरमध्ये (सूज आणि डाग उजळ दाखवणारा एमआरआयचा प्रकार) हा धोका दुप्पट: आठ सेंटिमीटरचा उजळ डाग फील्डच्या नजरेत उजेडाचाच उतार असतो. अशा स्कॅनमध्ये अंतर २०० च्या खाली नेऊ नका, आणि डागाचा ढोबळ आराखडा हाताशी असेल तर वेट इमेजमध्ये त्या भागाला शून्य वजन द्या. थोडा बायस राहिलेला परवडतो. गायब झालेला डाग परवडत नाही.

दोन, श्रिंक फॅक्टर. १ मिलिमीटरच्या त्रिमितीय चित्रावर ४ म्हणजे व्हॉक्सेल चौसष्ट पटीने कमी, तरी फील्ड गुळगुळीत असल्यामुळे काही बिघडत नाही. पण ५ मिलिमीटर जाडीच्या ३० स्लाइसचा फ्लेअर असेल तर तिसऱ्या दिशेत सातच स्लाइस उरतात आणि वर-खालचा उतार अंदाजाने काढला जातो. सिम्पल-आयटीके या लायब्ररीमध्ये प्रत्येक दिशेला वेगळा आकडा देता येतो: ४, ४, १ द्या. जिथे एकच आकडा चालतो तिथे २ किंवा १ वर या आणि वेळ लागू द्या.

सिम्पल-आयटीकेमध्ये आणखी एक जागा आहे जिथे पाय घसरतो. लहान केलेल्या चित्रावर फिल्टर चालवला की बाहेर पडणारं चित्रही लहानच असतं. तेच मोठं करून वापरू नका. फिल्टरकडून मूळ चित्राच्या ग्रिडवर लॉग फील्ड मागा, त्याचा एक्स्पोनेन्शियल काढा आणि मूळ चित्राला त्याने भागा. एक्स्पोनेन्शियल विसरलात तर फील्ड शून्याच्या आसपासचं असतं आणि भागाकारानंतर आकडे लाखांत जातात. ती चूक निदान लपत नाही.

फील्ड उघडून बघा

दुरुस्त चित्र सगळेच बघतात. फील्डची फाइल फार कमी जण उघडतात, आणि चूक तिथेच दिसते. चांगलं फील्ड एका बाजूने दुसरीकडे ओघळणाऱ्या धुक्यासारखं असतं, मेंदूत साधारण ०.७ ते १.४ च्या दरम्यान. त्यात व्हेंट्रिकलची (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्यांची) फुलपाखरासारखी आकृती, कॉर्टेक्सच्या घड्या किंवा ट्यूमरची कड ओळखू आली तर अंतर फार लहान झालं. मास्कच्या काठावर फील्ड एकदम उसळलं असेल तर मास्कमध्ये चरबी आहे. एकाआड एक स्लाइस उजळ-काळपट दिसत असतील तर तो स्लाइसमधला क्रॉसटॉक. तो गुळगुळीत नसल्याने एन-४ त्याला हात लावू शकत नाही.

आकड्याने तपासायचं तर व्हाइट मॅटरचं प्रमाण विचलन भागिले सरासरी काढा. दुरुस्तीनंतर ते कमी व्हायला हवं. सोबत ग्रे आणि व्हाइट दोन्हींच्या विचलनांची बेरीज, भागिले त्यांच्या सरासरीतला फरक, हेही बघा. पहिला आकडा घटला पण दुसरा वाढला, तर दुरुस्तीने कॉन्ट्रास्टच खाल्ला आहे.

एफएसएलचं फास्ट आणि एसपीएमचं सेगमेंटेशन ऊतींचं वर्गीकरण करतानाच फील्ड काढतात. पुढे सेगमेंटेशन त्यातच करायचं असेल तर आधी वेगळा एन-४ घालण्याची गरज नाही. फ्रीसर्फरही स्वतःची दुरुस्ती करतो आणि व्हाइट मॅटर ११० वर आणतो. तिथे मूळ चित्र द्यावं, झेड-स्कोअर केलेलं कधीच नाही.

आता मोजपट्टी

एन-४ नंतर चित्र आतून सारखं झालं, पण पट्टी अजून ज्याची त्याची आहे. बहुतेक कामांना झेड-स्कोअर पुरतो: मेंदूच्या आतल्या व्हॉक्सेलची सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलनाने भागा. ‘मेंदूच्या आतल्या’ हे दोन शब्द गाळले की काय होतं ते बघा.

२४० × २४० × १५५ च्या चित्रात ८९,२८,००० व्हॉक्सेल असतात. कवटी काढलेला मेंदू समजा १४ लाख व्हॉक्सेलचा, त्याची सरासरी ४०० आणि विचलन १००. ५०० आकड्याच्या ऊतीचा झेड-स्कोअर १ यायला हवा. पण पार्श्वभूमीची शून्यं धरून हिशोब केला तर सरासरी सुमारे ६३ आणि विचलन १५१ होतं, आणि त्याच ऊतीला २.९० मिळतो. आता दुसरा माणूस, ऊती अगदी तशाच, फक्त मेंदू १२ लाख व्हॉक्सेलचा: त्याला ३.१६. डोकं लहान म्हणून ऊती उजळ ठरली. पुढे वय किंवा लिंगाशी संबंध जोडणारं मॉडेल हा फरक आनंदाने शिकेल.

मास्क वापरल्यावरही एक प्रश्न उरतो. मेंदूची सरासरी आता ० आहे, आणि पार्श्वभूमीही ० ठेवली तर हवा आणि सरासरी ऊती एकच झाली. पार्श्वभूमीला मेंदूतल्या किमान किमतीपेक्षा खालचा ठरावीक आकडा द्या, किंवा मास्क वेगळा चॅनेल म्हणून मॉडेलला पुरवा. टोकाचे आकडे, म्हणजे रक्तवाहिन्या किंवा चुकून राहिलेली चरबी, ०.५ आणि ९९.५ पर्सेंटाइलवर छाटले तर विचलन स्थिर राहतं. गॅडोलिनियम दिलेल्या टी-१ मध्ये वरची छाटणी करू नका. जो उजळ कोपरा शोधायला इंजेक्शन दिलं, तोच त्या वरच्या अर्ध्या टक्क्यात असतो.

झेड-स्कोअरची कमजोरी आजारी मेंदूत उघडी पडते. व्हेंट्रिकल मोठे झाले की सीएसएफचे (मेंदूतल्या द्रवाचे) काळे व्हॉक्सेल वाढतात, सरासरी खाली येते आणि निरोगी व्हाइट मॅटरचा स्कोअर वर जातो. ॲट्रोफी, मल्टिपल स्क्लेरोसिस, ट्यूमर या सगळ्यांत हे घडतं. तिथे व्हाइट मॅटरलाच खुंटा मानणं जास्त भरवशाचं. व्हाइटस्ट्राइप पद्धत टी-१ च्या हिस्टोग्राममधलं शेवटचं शिखर पकडते, त्याच्या दोन्ही बाजूंचा अरुंद पट्टा घेते, आणि त्या पट्ट्याच्या विचलनाने भागून व्हाइट मॅटर ० वर आणते. ट्यूमर मेंदूचा पाचवा भाग व्यापून असला तरी निरोगी व्हाइट मॅटरचं शिखर बहुधा जागेवर असतं. इंजेक्शनच्या आधीचं आणि नंतरचं चित्र वजा करायचं असेल तेव्हाही हाच खुंटा धरा, कारण निरोगी व्हाइट मॅटरमध्ये गॅडोलिनियम जवळपास शिरत नाही. दोघांचे वेगवेगळे झेड-स्कोअर काढून वजाबाकी केली तर एनहान्समेंट (इंजेक्शनमुळे आलेला उजळपणा) निम्मं विरून जाऊ शकतं.

लहान बाळांत ही पद्धत चालत नाही. पहिले काही महिने टी-१ मध्ये व्हाइट मॅटर ग्रे मॅटरपेक्षा काळं असतं, आणि सहा महिन्यांच्या सुमारास काही काळ दोन्ही जवळपास सारखी दिसतात. शेवटचं शिखर व्हाइटचं, हे गृहीतकच कोसळतं.

तिसरा मार्ग हिस्टोग्राम जुळवण्याचा, न्यूल आणि उडुपा यांच्या नावाने ओळखला जाणारा. सगळ्या स्कॅनचे १, १०, २०... ९०, ९९ असे पर्सेंटाइल काढायचे, त्यांची सरासरी पट्टी बनवायची आणि प्रत्येक चित्र तुकड्यातुकड्याने त्यावर ताणायचं. निरोगी माणसांच्या एकसारख्या डेटावर निकाल सुरेख येतो. मोठे डाग असलेल्या डेटावर तो टाळावा: पर्सेंटाइल डागामुळे सरकतात आणि पद्धत त्यांना ओढून निरोगी पट्टीवर बसवते. मशिन लर्निंगसाठी वापरणार असाल तर पट्टी फक्त ट्रेनिंगच्या स्कॅनवरून बनवा. टेस्टचे स्कॅन त्यात मिसळले की निकाल खोटा चांगला येतो.

जिथे हे करायचंच नाही

एडीसी आणि एफए (ऊतीतल्या पाण्याच्या हालचालीची मापं), टी-१ मॅप, टी-२ मॅप यांच्या आकड्यांना आधीच अर्थ आहे. त्यांना झेड-स्कोअर लावणं म्हणजे मिलिसेकंद पुसून टाकणं. एमपी-टू-रेज या स्कॅनचं युनी चित्र दोन प्रतिमांच्या गुणोत्तरातून येतं आणि रिसीव्ह बायस त्यात आपसूक कटतो. त्यावर एन-४ नको. डिफ्यूजनच्या मालिकेत प्रत्येक व्हॉल्यूमवर वेगळा एन-४ चालवला तर व्हॉल्यूममधलं नातंच तुटतं. फील्ड बी-शून्यच्या (डिफ्यूजनचं वजन न दिलेल्या) चित्रावरून एकदा काढा, तेही डीनॉइजिंग, गिब्ज (कडांवरच्या लाटा) आणि एडी (चित्राची विकृती) दुरुस्ती झाल्यावर, आणि तेच सगळ्या व्हॉल्यूमना लावा. एमआरट्रिक्समधली बायस दुरुस्तीची आज्ञा हेच करते.

अनेक केंद्रांचा डेटा एकत्र करताना नॉर्मलायझेशननंतरही केंद्राचा ठसा राहतो. कॉम्बॅट (केंद्रांमधला फरक काढणारी सांख्यिकी पद्धत) तो घालवायला मदत करतं, पण ते सहसा चित्रावर चालत नाही, त्यातून काढलेल्या मापांवर चालतं, जसं कॉर्टेक्सची जाडी किंवा विभागवार आकारमान. त्याला वय, लिंग आणि निदान सोबत द्या, नाहीतर तो फरकही केंद्राचा समजून काढला जातो. एका केंद्रात सगळे पेशंट आणि दुसऱ्यात सगळे निरोगी असतील, तर केंद्र आणि आजार वेगळे करण्याची कुठलीच पद्धत नाही.

शेवटची तपासणी

सगळ्या स्कॅनचे हिस्टोग्राम, फक्त मेंदूच्या आतले, एकाच आलेखावर काढा. आधी विखुरलेली शिखरं आता एकमेकांवर यायला हवीत. एखादी रेघ बाजूला पडलेली दिसली की तो स्कॅन उघडा. बहुतेकदा मास्क फसलेला असतो, किंवा टी-१ च्या फोल्डरमध्ये टी-२ येऊन बसलेला असतो. मग प्रत्येकाचा मधला स्लाइस एका पानावर मांडा, विंडो ठरावीक ठेवून, झेड-स्कोअरसाठी −३ ते ३. व्ह्यूअरला विंडो आपोआप ठरवू दिली तर तो प्रत्येक चित्र छान दिसेल असं ताणतो आणि चूक झाकली जाते.

प्रत्येक स्कॅनसोबत फील्डची फाइल, मास्क, वापरलेली सरासरी, विचलन आणि एन-४ चे आकडे एका जेसन फाइलमध्ये ठेवा. दुरुस्त चित्र गुणिले फील्ड केलं की मूळ चित्र परत यायला हवं. दर बॅचमधल्या दोन-चार स्कॅनवर हा गुणाकार करून बघा. फरक फ्लोटच्या अचूकतेपेक्षा मोठा आला तर मधे कुठेतरी पूर्णांकात बदल किंवा रीसॅम्पलिंग घुसलं आहे.